टाकीच्या तळाचे पाणी

१

पंखे थांबले की कोंबड्यांची शेड आधी शांत होते. मग ओरडा सुरू होतो. तो संपल्यावरची शांतता वेगळी असते.

कळंबजवळच्या गेणू आबांच्या वस्तीवर मे महिन्यातल्या एका दुपारी हे तिन्ही एकामागोमाग झाले. लाईट गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला, थोडा वेळ चालला आणि आचके देत बंद पडला. बंदिस्त शेडमध्ये दहा हजार पक्षी होते. बाहेर ऊन असे, की पत्र्याला हात लावता येत नव्हता. आबांचा थोरला मुलगा अविराज मागची दारे हाताने उघडायला आत पळाला. दोन दारे त्याने उघडली. तिसऱ्या दाराशी तो मेलेल्या पक्ष्यांत पालथा पडलेला सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. उष्माघात, असे डॉक्टरांनी लिहिले.

गेणू आबांनी पोलिसांना वेगळे सांगितले.

"जनरेटर बघणाऱ्या सुयोगनं टाकीत पाणी घातलं. माझा पोरगा त्यानं मारला. लिहून घ्या."

सुयोगला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतले.

दोन दिवसांनी फौजदार प्राची बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान प्रयोगशाळेत आली. ती संजीवनीची. कारखान्यांच्या यंत्रांचे तेल, ट्रकचे डिझेल, असे तिच्याकडे तपासायला येई. प्राचीने टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत जनरेटरचा फिल्टर होता, आणि एका बाटलीत टाकीच्या तळातून काढलेला गढूळ द्रव.

"मॅडम, एकच सांगा. पाणी आहे का?"

संजीवनीने बाटली उजेडात धरली. वर डिझेल, खाली पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळपट चामड्यासारखा एक थर.

"आहे."

"मग झालं. पाणी घातलं."

"पाणी आहे म्हणजे कुणी घातलं, असं होत नाही."

प्राचीने घड्याळ पाहिले. "मॅडम, वस्तीवरचं वातावरण बघता मला लवकर काहीतरी ठाम हवंय. सुयोगनं चार लोकांसमोर अविराजला धमकी दिली होती. आणि जनरेटर बंद पडला तेव्हा हा जागेवर नव्हता, फोन उचलत नव्हता. तुमच्याकडून वेगळं काही आलं नाही, तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागेल. घरात बायको आहे त्याची, राजनंदिनी. रोज ठाण्याच्या पायरीवर बसून असते."

संजीवनीने काचेच्या कांडीने तो काळा थर उचलला. दुधावरची साय उचलावी तसा तो लवत, न तुटता वर आला. तिने वास घेतला. डिझेलच्या वासाखाली आंबूस काहीतरी होते.

"फिल्टर मातीनं नाही तुंबला," ती म्हणाली. "हे जिवंत आहे."

२

"जिवंत म्हणजे?" वस्तीकडे जाताना प्राचीने गाडीत विचारले.

"बुरशी. डिझेलच्या तळाशी पाणी साठलं की त्या सीमेवर वाढते. डिझेल खाते, पाण्यात राहते. पण नुसत्या पाण्यावर एवढी पोसत नाही. तिला आणखी काहीतरी मिळत होतं."

वस्ती उसाच्या पट्ट्याच्या कडेला होती. आबांच्या वडिलांनी इथे मेंढरे बसवली होती. आता जुन्या वाघरीच्या, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाच्या, जागी लांबलचक शेड उभी होती, रिकामी, चुन्याचा वास मारणारी. ओट्यावर सुपात खोबऱ्याचे तुकडे वाळत घातलेले होते. संजीवनीला बसायला जागा करायची म्हणून अविराजच्या बायकोने, रोहिणीने, ते सूप बाजूला सरकवले, खोबऱ्यावरच्या मुंग्या पांगल्या, आणि ती चहाला आत गेली.

गेणू आबा खांबाला टेकून बसले होते. डोक्याला मुंडासे नव्हते.

"बाई, तपासायचं काय त्यात?" ते म्हणाले. "सुयोगला आवीनं बोल लावला. सारखा फिल्टर तुंबतोय, डिझेल इकतोस आन पाणी घालतोस का, म्हणला. तवा त्यो काय म्हणला इचारा. एक दिवस बंद पडंल, मग कळंल. ह्या कानांनी ऐकलंय."

"टाकीजवळ आणखी कोण जातं, आबा?"

"घरचीच माणसं. डिझेलवाला दादासो. दुसरं कोण येतंय? आन आमी त्या मशिनीला मशीन म्हणत न्हाय, बाई. ह्या शेडचा जीव हाय त्यो. त्याचं करायला मी एकदा चुकलो न्हाय."



जनरेटरची खोली पत्र्याची होती. बाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर लोखंडी टाकी. तिच्यावर झेंडूची वाळलेली माळ, भंडाऱ्याचे पिवळे बोट. वर डिझेल भरायचे तोंड, आणि सांडलेले डिझेल खाली ओघळू नये म्हणून त्याभोवती वाटीसारखी खोलगट कड. कडेला एका ठिकाणी लोखंड ठेचून चकचकीत झाले होते. खोलीतल्या फळीवर नट, बोल्ट, वायसर, सगळे करवंट्यांमध्ये नीट लावून ठेवलेले. संजीवनीने झाकण फिरवले. खालचे रबर कडक होऊन चिरले होते.

तिने टॉर्चचा उजेड आत सोडला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"प्राची, सुयोगचं आणि अविराजचं भांडण कधी झालं?"

"घटनेच्या आदल्या आठवड्यात."

"मग तुमचा आरोपी फार उशिरा जागा झाला. आतलं लोखंड थराखाली खड्डे पडून गेलंय. याला आठवडा नाही, वर्ष लागतं."

३

दादासो बॅरलने डिझेल पोचवायचा. त्याचा टेम्पो रस्त्याकडेला लिंबाखाली उभा होता आणि तो टायरवर बसून कलिंगड खात होता.

"या, बसा. फौजदार बाई येणार म्हणून सकाळपासनं पोटात गोळा हाय, तरी कलिंगड जातंय बघा."

"अपघाताच्या दिवशी तुम्हीच डिझेल टाकलं?" संजीवनीने विचारले.

"व्हय, मीच. सकाळच्याला. टाकी पार तळाला गेलती. मोटर लावून धाडदिशी भरली." त्याने बी थुंकले. "आता तुमी म्हणणार पाणी घातलं. बाई, मी पाणी घालीत असतो तर आज माडी बांधली असती. माझ्या घरावर अजून पत्रा हाय. वाऱ्यानं उडतो."

"त्याच बॅरलमधलं आणखी कुणाला दिलं?"

"बावड्याच्या दोन ट्रॅक्टरवाल्यांना. एक तर माझा मेव्हणा. त्याचा ट्रॅक्टर बंद पडला असता तर बहिणीनं मला जित्ता ठेवला नसता."

दोन्ही ट्रॅक्टर चालू होते. त्यांच्या टाक्यांतले नमुने संजीवनीने त्याच दिवशी तपासले: घनता योग्य, पाणी नाही, रॉकेल नाही. दादासोचे डिझेल चांगले होते.

पण त्याच्या बोलण्यातले एक तिने लक्षात ठेवले. रिकाम्या टाकीत मोटर लावून जोरात भरले. वर्षभर तळाशी निवांत बसलेले सगळे त्या धारेने ढवळून वर आले असणार. रोज लाईट जाई ती थोड्या वेळासाठी; त्या दिवशी परत आलीच नाही, आणि फिल्टरने जेवढा काळ दम धरला तेवढाच जनरेटर चालला.

तो का बंद पडला, हे कळले होते. पाणी कुठून आले, हे नाही.

४

सुयोग कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. पंचविशीचा, हाताच्या नखांत काळे तेल.

"धमकी दिली होतीस?" प्राचीने विचारले.

"धमकी न्हाय, मॅडम. फिल्टर सारखा तुंबायला लागला तवा मीच अविदादाला म्हणलो, टाकी खाली उतरवून धुवायला पायजे. त्यो म्हणला, पक्षी आत असताना टाकी बंद कशी ठिवायची. मग मी म्हणलो, एक दिवस बंद पडंल, मग कळंल. रागानं म्हणलो. पण खरं तेच म्हणलो."

"त्या दिवशी कुठं होतास?"

"फिल्टर आणायला भवानीनगरला. दुकान दुपारचं बंद. उघडायची वाट बघत बसलो. फोन गाडीच्या डिक्कीत राहिला." त्याने मान खाली घातली. "सतरा मिस कॉल हुते. त्यातला शेवटचा दादाचाच."

संजीवनी पुढे झाली.

"टाकीच्या तळाला कॉक आहे. तो उघडून पाणी काढायचास का?"

"दर शनिवारी. बाटली लावून बघायचो. एकदा पण पाणी आलं न्हाय. सोच्छ डिझेल यायचं."

"पाणी तर तळाला बोटभर होतं," प्राची म्हणाली. बाहेर आल्यावर ती चिडून म्हणाली, "इथंच तो सापडतो, मॅडम. एक तर कॉक कधी उघडलाच नाही, किंवा खोटं बोलतोय."

"दोन्ही नसेल तर?"

"तर पाणी काय लपून बसलं होतं?"

५

दुसऱ्या दिवशी संजीवनीने टाकी रिकामी करून घेतली, बाजूचे मोठे झाकण उघडले आणि सुयोगच्याच एका करवंटीतून बेअरिंगची गोळी घेतली. ती कॉकजवळ, तळावर ठेवली आणि हात सोडला.

गोळी कॉकपासून लांब गेली. आधी हळू, मग वेगात, आणि पलीकडच्या कोपऱ्यात टणकन थांबली.

"कट्टा एका बाजूनं खचलाय," संजीवनी म्हणाली. "पाणी त्या कोपऱ्यात साठायचं. कॉक उंचावर राहिला. सुयोग दर शनिवारी खरोखर बघत होता, आणि त्याला दर शनिवारी खरोखर डिझेल दिसत होतं."

प्राचीने गोळीकडे पाहिले. "म्हणजे तो सुटला?"

"कोर्टात विचारतील, पाणी आलं कुठून. तोवर नाही."

पाण्याच्या तपासणीचे आकडे संध्याकाळी हाती आले. वस्तीवरच्या बोअरचे पाणी खारट, साबणाला फेस न येणारे. ते टाकीत असते तर मिठाचा अंश भरपूर सापडला असता. तसा सापडला नाही. पावसाचे किंवा हवेतल्या दमटपणातून साठलेले पाणी असते तर त्यात जवळजवळ काहीच नसते. यात पोटॅशियम होते, आणि चक्रावून टाकण्याइतके होते.

प्राचीने ते फोनवर ऐकले.

"मॅडम, धाकट्या रविराजच्या खोलीत पोटॅशची पोती आहेत. डाळिंबासाठी. आणि शेड मोडून तिथं डाळिंब लावायचं, यावरून त्याचं आणि अविराजचं वर्षभर वाजत होतं."

रविराज शेडच्या दारात बसून पाण्याच्या नळ्या सोडवत होता. भावाचा शर्ट त्याच्या अंगात होता, खांद्याला ढगळ.

"माझ्यावर आलं का आता?" तो म्हणाला. "घ्या. पोती तितं हायेत. पक्ष्यांना उन्हाळ्यात द्यायची पावडर पण घ्या, त्यात पण पोटॅशियम असतंय, पुडीवर लिहिलंय. मीच पाजत होतो रोज. दादाला म्हणत होतो, शेड मोड. आता मोडणार न्हाय. वहिनी हाय, लेकरू हाय. नवी टाकी सांगितलीय, येईल चार दिवसांत."

संजीवनीने दोन्हींचे नमुने नेले. पक्ष्यांच्या पावडरीत मीठही तितकेच होते. टाकीत मीठ नव्हते. पोत्यातल्या खतात गंधक होते. टाकीत तेही नगण्य. रविराज नव्हता. दादासो नव्हता. सुयोग नव्हता.

उरली होती एक बारीक वस्तू. टाकीच्या तोंडातल्या जाळीवर तिला दोन-तीन तपकिरी तंतू सापडले होते. बॅरलभोवती गुंडाळलेल्या गोणपाटाचे असतील असे समजून तिने ते एका कागदात ठेवून दिले होते. आता ते भिंगाखाली घेतले. तागाचा तंतू मऊ असतो. हे राठ होते, केसासारखे ताठ, आणि त्यांच्यावर बारीक खळग्यांच्या रांगा होत्या.

काथ्या.

संजीवनीने भिंगावरून डोळा काढला. फळीवरच्या करवंट्या तिला आठवल्या. कडेवरचे ठेचलेले, चकचकीत लोखंड. ओट्यावरचे सूप, आणि रोहिणीने ते बाजूला सरकवताना पांगलेल्या मुंग्या. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची अमावस्या कधी आहे ते पाहिले.

६

नवी टाकी कट्ट्यावर आली होती. कट्टा रविराजने सरळ करून घेतला होता. जुनी टाकी शेजारी जमिनीवर होती. संजीवनी आणि प्राची पोचल्या तेव्हा गेणू आबा नव्या टाकीला हळदकुंकू लावत होते. तेरावे होऊन गेले होते. हातात नारळ होता, शेंडी राखून सोललेला.

"आज अवस," ते म्हणाले. "सुतक फिटलं. म्हणलं, नव्याची सुरुवात तरी नीट व्हावी."

"दर अवसेला करता, आबा?"

"दर अवसेला. पयला जनरेटर आला तवापासनं. आवी हसायचा. म्हणायचा, आबा, त्याला डिझेल लागतं, नारळ न्हाय. पण त्योच कट्ट्यावर चढवायचा मला, हात धरून."

संजीवनीने जुन्या टाकीकडे हात केला.

"आबा, आजचा नारळ जुन्या टाकीवर वाढवा. नेहमी करता तसाच. मला बघायचंय."

त्यांनी प्राचीकडे पाहिले. प्राचीने मान हलवली. आबा जुन्या टाकीपाशी गेले, वाळलेल्या माळेवर बोट टेकले आणि नारळ खोलगट वाटीच्या कडेवर मारला, बरोबर त्या ठेचलेल्या जागी. दोन घावांत फुटला. पाणी वाटीत पडले. झाकणाभोवती तळे झाले. काही सांडले नाही.

"बघा," आबा म्हणाले. "एक थेंब खाली जात न्हाय. म्हणूनच हितं वाढवतो. दुसरीकडं पाणी मातीत जातं. हितं निवांत जिरतं. मला वाटायचं, द्येवानं घेतलं."

ते बोलत होते तोवर तळे उतरत गेले. आधी झाकणाची कड उघडी पडली, मग कुंकवाची एक रेघ, मग वाटीचा तळ. संजीवनीने झाकण फिरवून काढले आणि उलटे करून त्यांच्यासमोर धरले. आतल्या बाजूने पाणी ठिबकत होते. चिरलेल्या रबराला काथ्याचा एक तंतू चिकटला होता.

"नारळाच्या पाण्यात साखर असते, पोटॅशियम असतं, आणखीही पोषण असतं," ती म्हणाली. आवाज तिने नेहमीएवढाच ठेवला. "दर महिन्याला थोडं आत जात होतं. टाकी एका बाजूला कललेली, म्हणून ते कॉकपर्यंत कधी आलंच नाही. बुरशीला महिन्याच्या महिन्याला जेवण मिळत होतं. सुयोगनं काही घातलं नाही, आबा."

आबांनी झाकण हातात घेतले. अंगठ्याने रबर पुसले, पुन्हा ओले झाले, पुन्हा पुसले.

शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. त्याच्या पावलांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"माझ्या हातानं," आबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"आवीला सुखी ठेव, आसं म्हणून वाढवायचो." त्यांनी ओला अंगठा धोतराला पुसला. "दर बारीला नाव घ्यायचो त्याचं."

प्राचीने तोंड फिरवले.

"अहवाल अजून लिहिलेला नाही," संजीवनी म्हणाली. "झाकणाचं रबर चिरलं होतं, त्यातून पाणी झिरपलं, टाकी कललेली होती, म्हणून ते निघालं नाही. एवढं लिहिलं तरी पुरेसं आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सुयोग तेवढ्यावर सुटेल. पाणी कसलं होतं ते कुणी विचारणार नाही."

आबा बराच वेळ नव्या टाकीकडे पाहत होते. तिच्याही तोंडाभोवती तशीच खोलगट वाटी होती. हळद अजून ओली होती.

"मी किती दिवस हाय आता," ते म्हणाले. "माझ्यामागं रवी वाढवंल. त्यो द्येव मानत न्हाय, पण बापानं केलं म्हणून करंल. त्याच्यामागं आवीचं लेकरू." त्यांनी झाकण संजीवनीच्या हातात परत दिले. "नारळ लिव्हा, बाई. गेणूनं वाढवला, आसं लिव्हा."

मग ते प्राचीकडे वळले.

"बाई, गाडीत जागा हाय का? फिर्याद माझी हाय, मीच माघारी घेतो. सुयोगला घरी मीच आणून सोडतो. त्याच्या बायकोम्होरं मला हुभं राहायचंय."

"बसा, आबा," प्राची म्हणाली.

ते निघाले तेवढ्यात घरातून म्हाळसाबाई आल्या, अविराजची आई. अमावस्येला नारळ फुटल्याचा आवाज झाला की खोबरे न्यायला यायची त्यांची सवय होती. हातात सूप होते. रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्यांनी आधी या दोघींकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिले, आणि सूप पुढे केले.

"द्या," त्या म्हणाल्या. "वाळत घालते."

आबांनी नारळाच्या दोन्ही वाट्या उचलून पाठीमागे धरल्या.